वेलणकरचे वडील

दिवाळीत घरी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. एक, बाबांच्या मोबाईलमध्ये वर्षभर साचलेल्या 'शुभ सकाळ'च्या चित्रांची साफसफाई. दोन, भाऊबीज उरकून पाहुणे पांगले की लॅपटॉप टीव्हीला जोडून त्यांना एखादा जुना पिक्चर दाखवणे. यंदा 'अर्धसत्य' लावला. नावं सुरू झाल्याबरोबर बाबा म्हणाले, "बघितलाय मी हा. पण अर्धाच."

मला वाटलं कोटी करतायत. (बाबांच्या कोट्या आमच्या गल्लीत लोकांना दोन दिवसांनी कळतात.) पण ते खरंच सांगत होते. १९८४ साली कॉलेजात असताना मित्रांबरोबर थेटरात गेले आणि मध्येच उठून बाहेर टपरीवर चहा पीत बसले. का, ते त्यांनी तेव्हा मित्रांना सांगितलं नाही. मला सांगायला त्यांना चाळीस वर्षं लागली.

आधी थोडं घराबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमचं घर नवीन जालन्यात. बाहेरच्यांचा नेहमी गैरसमज होतो की नवीन जालना म्हणजे सिडको वगैरे टाईप नवी वसाहत असणार. तसं काही नाही. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन, आणि हा 'नवीन' भाग म्हणजे पूर्वीचं कादराबाद, चांगलं जुनंपुराणं. जुन्या बाजूच्या पोलीस ठाण्याचं नाव तर आजही 'कदीम जालना' आहे. कदीम म्हणजे प्राचीन. निजामाचं राज्य १९४८ साली गेलं, पण पाटीवर शब्द राहिला. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या १९४८ च्या लष्करी कारवाईला अजून 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. म्हणजे 'पोलीस' या शब्दाचा पहिला अर्थ माझ्या कानावर पडला तो रणगाड्यांसकटच.

आणि आजोबा पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले, मग हे घर बांधलं. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, त्यानंतर दोनतीन वर्षांत त्यांची भरती झाली. १ मे १९८१ ला औरंगाबादमधून फुटून जालना वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांची अर्ध्याहून जास्त नोकरी झालेली होती. मी शाळेत असताना ते गेले. मला आठवतात ते आजोबा म्हणजे पांढरं धोतर, अडकित्ता आणि स्वतःचा बकल नंबर पाठ असलेला एक शांत म्हातारा. माझ्या गालाला त्यांचा हात फक्त पापी घेण्यापुरता लागला. बाबांच्या गालाची गोष्ट वेगळी आहे. त्याकडे येतोच.

तर 'अर्धसत्य'. नव्या मंडळींसाठी थोडक्यात. अनंत वेलणकर (ओम पुरी) मुंबई पोलिसात सब इन्स्पेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत फौजदार. प्रामाणिक आणि तापट. ज्योत्स्ना गोखले (स्मिता पाटील) ही प्राध्यापिका त्याच्या आयुष्यात येते. रामा शेट्टी (सदाशिव अमरापूरकर) हा मटका-दारूवाला दादा. त्याच्या माणसांनी जाळलेला एक जण मरताना जबाब देतो. तो घेऊन वेलणकर शेट्टीला अटक करायला जातो. शेट्टी एक फोन लावतो आणि वेलणकरला मान खाली घालून परत यावं लागतं. वस्तीतल्या बायकांना छळणाऱ्या गुंडांना बदडतो, तर निलंबनापर्यंत मजल जाते आणि वरिष्ठ हैदर अली (शफी इनामदार) दिल्लीपर्यंत हात पोचलेला मध्यस्थ शोधून ते मिटवतो. जिवावर उदार होऊन एका दरोडेखोराला पकडतो, तर श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याला. तिकडे माईक लोबो (नसिरुद्दीन शाह) हा निलंबित, दारूत बुडालेला इन्स्पेक्टर त्याच्यासमोर त्याचंच भविष्य बनून फिरत असतो. मग वेलणकरही पितो. आणि एका रात्री लॉकअपमध्ये एका किरकोळ चोराला मारता मारता ठार करतो. चोरी काय, तर ट्रान्झिस्टर. आता त्याला वाचवू शकेल असा एकच माणूस उरतो, रामा शेट्टी. वेलणकर त्याच्याकडे जातो, शेट्टी त्याची लायकी काढतो, वेलणकर त्याचा गळा दाबतो, आणि मग स्वतः ठाण्यात जाऊन हजर होतो.

ही कथा श्री. दा. पानवलकरांची, 'सूर्य' नावाची. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, शीर्षकामागची कविता दिलीप चित्र्यांची. कॅमेरा आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. म्हणजे पिक्चर हिंदी, पण आतला सगळा माल मराठी. १९८३ च्या ऑगस्टमध्ये तो आला. फिल्मफेअरची सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कथा, पटकथा आणि सहायक अभिनेता अशी पाच बक्षिसं त्याला मिळाली. सहायक अभिनेता म्हणजे आमच्या शेजारच्या नगरचे अमरापूरकर, ज्यांना तोवर हिंदीत कुणी ओळखत नव्हतं. ओम पुरीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कार्लोव्ही व्हॅरीलाही त्याचाच गौरव झाला.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. मी पहिल्यांदा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला पाहिला तेव्हा माझ्याही डोक्यात एवढंच राहिलं होतं: प्रामाणिक पोलीस विरुद्ध सडलेली सिस्टिम. शेवटी शेट्टीचा गळा दाबला तेव्हा आमच्या रूममध्ये टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या.

आणि यातले वडील? वेलणकरला वडील आहेत हे मी विसरलोच होतो!

अमरीश पुरींनी ते केलेत. खात्यातूनच निवृत्त, गावाकडे राहणारे, मुलासाठी स्थळ घेऊन येणारे. पडद्यावर फार वेळ नाहीत. पण त्या थोड्या वेळात कळतं ते असं: अनंतला पुढे शिकायचं होतं, यांनी पोलिसात ढकलला. हे बायकोला मारायचे. क्षुल्लक कारणावरून मारायचे. आणि छोटा अनंत बघत राहायचा. तो काही करू शकायचा नाही.

आता हे दोन तुकडे शेजारी ठेवून बघा. घरात आईला मार बसताना हतबल उभा राहिलेला मुलगा. आणि वीसेक वर्षांनी लॉकअपमध्ये एका हतबल माणसासमोर उभा असलेला तोच मुलगा. या वेळी मारणाऱ्याच्या जागी. शेट्टीचा खून सिस्टिमने घडवला असं म्हणता येईल. पण चोराचा? तो हात कुठून आला?

माझं म्हणणं एवढंच आहे की 'अर्धसत्य' ही बाप-लेकाची गोष्ट आहे आणि रामा शेट्टी त्यात उशिरा शिरलेलं पात्र आहे. आपण चाळीस वर्षं तिला उलटीकडून बघतोय.

याच्या आदल्या वर्षी, १९८२ मध्ये, 'शक्ती' आला होता. रमेश सिप्पींचा, सलीम-जावेदचा. बाप पोलीस, मुलगा गुन्हेगार. दिलीपकुमार विरुद्ध अमिताभ, म्हणजे लोकांना दुसरं काही नकोच होतं. लहान मुलाला गुंड पळवतात, बाप फोनवर कर्तव्याची भाषा बोलतो, मुलगा ते ऐकतो आणि जन्मभर विसरत नाही. शेवटी बाप मुलावर गोळी चालवतो. मला 'शक्ती' आवडतो, खोटं कशाला बोला. पण त्यात बापाची चूक असलीच तर एवढीच की तो फार सरळ आहे. वर्दी स्वच्छ आहे, घर मोडतं ते तिच्या स्वच्छतेपायी. 'अर्धसत्य'मध्ये हे नेमकं उलटं आहे. इथे वर्दीतली घाण आणि घरातली घाण एकाच नळाने येते. गंमत म्हणजे 'शक्ती'त अमरीश पुरी खलनायक आहेत आणि स्मिता पाटील नायिका. वर्षभरात तेच दोघं या पिक्चरमध्ये, आणि अमरीश पुरी आता बाप! तेंडुलकर-निहलानींना खलनायक घरातच सापडला, अड्ड्यावर जायची गरज पडली नाही.

हे काय वातावरणात घडत होतं तेही बघण्यासारखं आहे. १९८२ हे मुंबईचं विचित्र साल. ११ जानेवारीला वडाळ्यात मन्या सुर्वेला पोलिसांनी गोळ्या घातल्या. मुंबई पोलिसांचं पहिलं एन्काउंटर म्हणून ते ओळखलं जातं. बरोबर आठवड्याने, १८ जानेवारीला, गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आणि १८ ऑगस्टला खुद्द पोलिसांचाच भडका. सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढली, पुढाऱ्यांना अटक केली आणि शिपाई रस्त्यावर आले. शहर सांभाळायला सीमा सुरक्षा दल आणि लष्कर बोलवावं लागलं. बाबासाहेब भोसले तेव्हा मुख्यमंत्री होते. म्हणजे ज्या शिपायाच्या हातात काठी दिली होती त्याचं स्वतःचं म्हणणं ऐकायला कुणी तयार नव्हतं, आणि त्याच वर्षी त्याच्या साहेबाच्या पिस्तुलाला मात्र टाळ्या मिळायला लागल्या होत्या. या दोन्ही गोष्टींच्या मधोमध वेलणकर उभा आहे. आजोबा तेव्हा मुंबईपासून खूप लांब मराठवाड्यात होते, पण बाबा सांगतात की त्या आठवड्यात घरी रेडिओ चालू असला की कुणी बोलायचं नाही.

आता तेंडुलकरांकडे येतो, कारण माझ्या मते खरी किल्ली तिथे आहे. पोलिसांवर लिहिण्याची ही त्यांची पहिली वेळ नव्हती. अकरा वर्षं आधी, १६ डिसेंबर १९७२ ला, 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात झाला होता. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, ब्राह्मणांची ती मानवी भिंत वगैरे. त्यावर एवढं बोललं गेलंय की एक साधी गोष्ट बाजूला राहते: घाशीराम हा पोलीस होता! कोतवाल म्हणजे पेशव्यांच्या पुण्याचा पोलीस कमिशनरच. खरा घाशीराम सावळदास १७७७ पासून कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर काही तेलंगी ब्राह्मणांनी त्याच्या बागेतली फळं तोडली म्हणून त्यांना कोंडण्यात आलं आणि कोंडलेल्यांपैकी वीसेक माणसं गुदमरून मेली. लोक खवळले, नाना फडणवीसांनी कोतवालाला जमावाच्या हवाली केलं आणि पुण्यात त्याला दगडांनी ठेचून मारलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पेशवाईतलं गाजलेलं कस्टडी डेथ प्रकरण. गुन्हा काय, तर फळं तोडली. १९८३ मध्ये, तर ट्रान्झिस्टर.

नाटकातला घाशीरामही आधी अपमानित होतो, मग सत्तेसाठी स्वतःची मुलगी नानाला देतो, आणि हातात कोतवाली आली की शहरावर सूड उगवतो. म्हणजे एका कथेत बाप मुलीला विकून वर्दी मिळवतो आणि दुसरीत बाप मुलाला वर्दीत कोंबतो. दोन्हीकडे अपमान वरून येतो आणि मार खाली जातो. दोन्हीकडे वापर संपला की वरची मंडळी हात झटकतात.

आणि योगायोग बघा (की योगायोग नसेलही): १९७६ साली फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी सहकारी पद्धतीने 'घाशीराम कोतवाल'चा सिनेमा केला, त्यात घाशीराम झाला होता ओम पुरी. त्याचा पहिला सिनेमा. मोहन आगाशे नाना. सात वर्षांनी तोच ओम पुरी तेंडुलकरांच्याच पटकथेत वेलणकर. मी त्या रात्री हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एकाच माणसाला दोनदा तीच नोकरी लागली."

चित्र्यांच्या कवितेबद्दल लोक भरभरून बोलतात. वेलणकर पुस्तकातून ती वाचायला लागतो आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरतो, तो प्रसंग मराठी माणसाला पाठ असतो. त्यात चक्रव्यूह आहे. मला मात्र त्या प्रसंगात हटकून अभिमन्यू आठवतो. चक्रव्यूह भेदायचा कसा हे त्याला कुणाकडून कळलं? बापाकडून, आईच्या पोटात असताना. बाहेर कसं पडायचं ते मात्र राहिलं. वेलणकरच्या बापानेही त्याला आत शिरायची विद्या दिलीच की. वर्दी, दरारा, उगारलेला हात. बाहेर यायची त्या बापाला तरी कुठे ठाऊक होती.

(इथे थोडं स्वतःबद्दल. मला बारावीनंतर इतिहासात बी.ए. करायचं होतं. बाबांनी आवाज चढवला नाही की हात उगारला नाही. फक्त इंजिनिअरिंगचा फॉर्म स्वतः भरून, फोटो चिकटवून, सहीच्या जागी पेन्सिलने फुली करून टेबलावर ठेवला. मी सही केली. आपल्यातल्या निम्म्या लोकांची हीच स्टोरी असणार. म्हणून हे विकांताचे लेख. असो.)

आता मला टोचणारा भाग. त्या चोराचा खून आपल्याला आठवत का नाही?

'जंजीर' (१९७३) पासून आपल्याला सवय लागली की इन्स्पेक्टर चिडला म्हणजे न्याय होणार. वेलणकर वस्तीतल्या गुंडांना बडवतो तेव्हा आपण खूश असतो. तो हात, तो राग, सगळं तेच असतं. फक्त समोरचा माणूस बदलला की आपल्याला ते खटकायला हवं. तोवर आपण त्या हाताच्या बाजूने बसलेलो असतो. निहलानींनी प्रेक्षकाला मुद्दाम या सापळ्यात आणलंय असं माझं मत आहे. पण प्रेक्षक हुशार! त्याने शेवटच्या गळा दाबण्याला टाळ्या वाजवल्या आणि सापळ्यातून सुटला. ज्योत्स्ना एकटी सुटत नाही. तिला त्याच्यात तो हात दिसायला लागतो आणि ती बाजूला होते. हॉस्टेलला आम्ही तिला 'बोअर' म्हणालो होतो. लाज वाटते आता.

पुढे मुंबईच्या एन्काउंटरवाल्या पिक्चरांची लाटच आली. त्यात राग आणि पिस्तूल घेतलं गेलं, बाप आणि चोर गाळले गेले. अर्धसत्याचंही अर्धंच घेतलं म्हणायचं.

आणि पडद्याबाहेर? जालन्याहून नांदेडकडे गाडीत बसलात की दोन-अडीच तासांत परभणी येतं. तिथला ख्वाजा युनूस इंजिनिअर होता. सत्तावीस वर्षांचा, परदेशात नोकरी करून आलेला, सॉफ्टवेअरवाला. घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात निघालं की तो कोठडीतच मेला होता. त्याचा देह घरच्यांना मिळाला नाही. चार पोलीस निलंबित झाले, त्यांच्यावर खटला उभा राहिला, आई वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली, आणि २०२० मध्ये त्या निलंबितांना पुन्हा नोकरीत घेतलं गेलं. हे सगळं मला कधी कळलं? नोकरी लागल्यावर. जालन्यात वाढलो, शेजारच्या जिल्ह्यातला माझ्याच धंद्यातला माणूस, आणि मला वेलणकरची कविता माहीत होती पण युनूसचं नाव माहीत नव्हतं.

बरं, कायद्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. मद्रास इलाख्यात छळ होतो का हे तपासायला इंग्रजांनी आयोग नेमला होता, त्याचा अहवाल १८५५ चा. छळ होतो, असंच त्यात निघालं. पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही हे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात आहे, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य कायद्यातही ते तसंच ठेवलंय. विचार करा, दीडशे वर्षं सरकार स्वतःच्याच पोलिसाबद्दल लेखी सांगतंय की याच्यासमोर माणूस काय कबूल करेल त्याचा भरवसा नाही. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सुप्रीम कोर्टाने अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने करा, नातेवाइकाला कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. २०२० च्या डिसेंबरात सगळ्या पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवायला सांगितलं. आमच्या धंद्यात याला लीगसी कोडवर पॅच मारणं म्हणतात. १८६१ चा पोलीस कायदा १८५७ च्या उठावानंतर लोकांना दाबण्यासाठी केलेला, आणि आपण त्याच्यावर एकेक पॅच चढवत बसलोय. मूळ फंक्शन कुणी उघडून बघत नाही, कारण ते चालतंय.

आणि मूळ फंक्शन फक्त ठाण्यात नसतं हे तेंडुलकरांनी बरोबर पकडलं. दिवसभर साहेबाच्या शिव्या खाल्लेला शिपाई रात्री घरी येतो. घरातही कुणीतरी खालचं असतंच.

परत आमच्या हॉलमध्ये. पिक्चर चालू. ज्या प्रसंगात वेलणकरला लहानपण आठवतं, बाप आईला मारतोय आणि पोरगं बघतंय, तिथे बाबांनी मला पॉज करायला सांगितलं. म्हणाले, "इथेच उठलो होतो."

मी काही बोललो नाही. आई स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली.

मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, त्यांच्या पद्धतीने, मध्येच फराळाच्या डब्यातली चकली मोडत. आजोबांचा हात चालायचा. रोज नाही. बंदोबस्तावरून आले, किंवा वरून काही बोलणं खाऊन आले की चालायचा. आधी आजीवर, मग मोठ्या काकांवर, मग यांच्यावर. पट्टा असायचा तो ड्रेसचाच, पितळी बकलवाला. बकल आपल्याकडे राहील असा ते धरायचे, एवढी काळजी घ्यायचे. बाबांना दहावीनंतर पोलीस भरतीचं बघ म्हणून आजोबांनी फार धोशा लावला होता, आणि बाबांनी आयुष्यात एकदाच वडिलांना नाही म्हटलं. त्या नाहीचा हिशोब त्याच रात्री झाला. "थेटरात मला वाटलं, माझ्याच घरात लाईट लावून हजार लोक बसलेत," ते म्हणाले.

मला एक जुनी गोष्ट आठवली. मी सातवीत असताना गणितात नापास होऊन खोटी सही केली होती. बाबांनी हात उगारला होता. पूर्ण वर गेलेला हात. आणि मग तो हात तसाच ठेवून ते घराबाहेर गेले आणि तासाभराने परत आले. मला तेव्हा वाटलं होतं मी वाचलो. आता वाटतं, तेव्हाही ते टपरीवरच गेले असणार.

पुढचा पिक्चर आम्ही दोघांनी सलग पाहिला. चोराचा प्रसंग आला तेव्हा बाबा पुढे सरकून बसले. शेट्टीच्या वेळी त्यांनी पाणी मागितलं.

संपल्यावर मी विचारलं, "आजोबांनी पाहिला होता का हो हा?"

"पाहिला की. रिटायर झाल्यावर. केबलवर लागला होता दुपारी."

"मग?"

बाबा आठवत राहिले. आजोबा खुर्चीत होते, आजी खाली बसून तांदूळ निवडत होती. आईला मारायचा तो प्रसंग आला तेव्हा आजी ताट उचलून आत गेली. आजोबा बघत राहिले, काही बोलले नाहीत. लॉकअपमधला चोर मेला तेव्हा मात्र बोलले. म्हणाले, "स्टेशन डायरीत काय लिहिलं, ते दाखवलंच नाही."

"आणि शेवट? शेवटावर काय म्हणाले?"

"लाईट गेली ना," बाबा म्हणाले. "ती आली रात्री आठला. तोवर पिक्चर संपला होता."